कॅम्पर व्हॅन घेऊन बऱ्हाणपूर: तीन दिवस, सहा माणसं आणि एक संडास

गिरणाकाठ | २४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. जळगावहून बऱ्हाणपूरला जायचंय. तुम्ही म्हणाल शंभर किलोमीटरसाठी धागा कशाला काढला, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथे. पण प्रकरण जरा वेगळं आहे. माझ्या एका मित्राने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतलीय. आत झोपायला चार जणांची सोय, वर पोरांसाठी माळा, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, टपावर सोलर आणि मागे पडद्याआड पोर्टेबल टॉयलेट. तो म्हणाला तीन दिवस ने, डिझेल तुझं आणि ओरखडा आला तर तोही तुझाच.

आता बऱ्हाणपूरच का, तर बाबांमुळे. बाबा भुसावळला रेल्वेत होते, ३४ वर्षं. बऱ्हाणपूरवरून हजारदा गेले असतील, गाडी थांबायची, चहा घ्यायचे, पुढे. शहर म्हणून एकदाही बघितलं नाही. आता वय ७६, गुडघे बोलतात, हॉटेलात राहायचं म्हटलं की लगेच "घरी कोण बघेल" सुरू. म्हणून म्हटलं घरच बरोबर नेऊ. आई ७१, मी, बायको, पोरगी चौथीत, पोरगा पहिलीत.

तर विचारायचं हे की रावेरवरून जावं की मुक्ताईनगर-इच्छापूरवरून, एवढी गाडी शहरात शिरते का, रात्री लावायची कुठे, आणि गुडघेवाल्या माणसाला काय काय बघता येईल. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला सोमवार जोडून जातोय.

कोरा चहा | २४ नोव्हेंबर

फोटो टाका. गाडीचा. टॉयलेटचा नको.

केळीचं खोड | २४ नोव्हेंबर

रावेरचा माणूस आहे म्हणून सांगतो, जाताना मुक्ताईनगरवरून जा आणि येताना आमच्याकडून या. उलटं करू नका. इच्छापूरचा रस्ता इंदूरकडे जाणारा, ट्रका फार, तो सकाळी ताज्या डोक्याने मारायचा. येताना बऱ्हाणपूर-रावेर-सावदा-फैजपूर हा आपला जुना अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता, दोन्ही बाजूला केळी. फक्त कटाईच्या दिवसात शेतातून घड भरलेले ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर येतात, मागे ना दिवा ना काही, तेव्हा अंधार पडायच्या आत पार करा. आणि रस्त्याकडेच्या निंबाच्या फांद्या खाली आलेल्या आहेत, तुमच्या सोलरचा विचार करून गाडी मधूनच चालवा. वाटेत या ना भो घरी, केळी फुकट, चहा पण फुकट.

धुळ्याचा धुरळा | २४ नोव्हेंबर

भाऊ, बऱ्हाणपूर बादमा. पहिले थाळनेर ये. राजधानी पहिले आमनाकडे व्हती, मंग तिकडे गयी. फारुकीसना कबरी आजबी तठे शेतस, पन तुम्ही जळगाववाला तापी उतरीसन पश्चिमले बघतसच नही.

बखरवाचक | २४ नोव्हेंबर

धुरळा भाऊ बरोबर बोलताहेत. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा, त्याचं बस्तान थाळनेरला होतं, तो १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासिर खान याने अशीरगड घेतला आणि मग तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं, सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने, आणि पलीकडच्या काठाला झैनाबाद, झैनुद्दीन यांच्या नावाने. पुढची दोनशे वर्षं खान्देशची राजधानी हीच. म्हणजे आपण आज ज्याला "एमपीतलं गाव" म्हणतो ते आपलंच थोरलं घर आहे, वाटणीत पलीकडे गेलेलं.

आणि गिरणाकाठ, स्वतःचं घर बरोबर घेऊन बऱ्हाणपूरला जाणारे तुम्ही पहिले नाही. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा वकील सर थॉमस रो तिथे आला होता, तेव्हा तिथे जहांगीराचा मुलगा शहजादा परवेझ होता. कोतवालाने त्याला सराईत चार खोल्या दिल्या, त्या बघून तो वैतागला, लिहून ठेवलंय की भट्टीसारख्या आणि भट्टीएवढ्याच. मग त्याने बरोबरचे तंबू ठोकले. तेव्हा हॉटेल नको म्हणणाऱ्या तुमच्या बाबांना सांगा की परंपरा चारशे वर्षांची आहे.

गिरणाकाठ | २५ नोव्हेंबर

@बखरवाचक, वाचून दाखवलं. बाबा म्हणाले "त्याचे पैसे कंपनी देत होती".

तापीथडी | २५ नोव्हेंबर

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. हे घर डोक्यावर घेऊन हिंडणं म्हणजे निव्वळ हौस. गेल्या वर्षी आम्ही भाड्याची कॅराव्हॅन घेतली होती, कुठली ते सांगत नाही. पहिल्याच दिवशी पाण्याचा पंप गेला. बरोबर आलेला ड्रायव्हर कुठेही गाडी लावायला तयार नाही, नदीकाठ म्हटलं की वाळूत फसेल, शेत म्हटलं की मालक हाकलेल, शेवटी दोन्ही रात्री पेट्रोल पंपावर काढल्या, डोक्यावर तो भला मोठा दिवा, रात्रभर ट्रका येतात जातात, बायको म्हणे यापेक्षा आपल्या घराच्या गच्चीवर झोपलो असतो. जुन्या शहरात एवढी गाडी नेऊन करायचं काय? बऱ्हाणपूरच्या बाजारात रिक्षा वळताना विचार करते. शंभर किलोमीटर आहे, कार न्या, दोन खोल्या घ्या, संपलं.

सावद्याची सून | २५ नोव्हेंबर

मला तर एकच प्रश्न पडलाय, तुमच्या आई हो कशा म्हणाल्या? आमच्या सासूबाईंना मी असल्या गाडीचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी पहिलं काय बघितलं असेल? शेगडी आणि संडास यात चार फूट. "एकाच खोलीत चूल नि ते? आणि देव कुठे ठेवायचे, स्टेअरिंगवर?" तेव्हापासून आमच्याकडे विषय बंद.

गिरणाकाठ | २५ नोव्हेंबर

आई हो म्हणालीच नाहीये अजून. तिला टॉयलेटचं सांगितलेलं नाही, मागे सामानाचं कपाट आहे असं सांगितलंय.

कोरा चहा | २५ नोव्हेंबर

धागा आता खरा सुरू झाला. खुर्ची आणि मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन बसलोय.

इंजिनघर | २६ नोव्हेंबर

थोडं तांत्रिक लिहितो, मी स्वतः दोन गाड्या करून दिल्यात. पहिलं, मित्राला विचारा की आरसीवर बदलाची नोंद आहे का. सीट काढून पलंग बसवला म्हणजे गाडीत बदल झाला, त्याची आरटीओकडे नोंद लागते, नसेल तर नाक्यावर कुणी अडवलं किंवा देव न करो पण अपघात झाला तर विमावाला पहिलं तेच विचारतो. खाजगी नोंदणीची गाडी तीन दिवसांसाठी एमपीत नेण्याला तसा त्रास नाही, भाड्याची असेल तर परमिटचं वेगळं प्रकरण.

दुसरं, उंची. टपावरच्या पॅनलसकट फीत लावून मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून समोरच्या काचेला चिकटवा. माणूस विसरतो की आपल्या डोक्यावर अजून पाऊण फूट सामान आहे. जुन्या दरवाज्यांची कमान मध्ये उंच, कडेला बुटकी, तिथेच पॅनल फुटतं. शिवाय गल्लीतल्या लोंबत्या वायरी.

तिसरं, पाणी. टाकी शंभर लिटरची असेल तर गाडीत शंभर किलो वाढलं, निघतानाच काठोकाठ भरू नका, बऱ्हाणपूरजवळ भरा. गॅस पाच किलोवाला छोटा ठेवा, चालत्या गाडीत रेग्युलेटर काढलेला, स्वयंपाक करताना दार-खिडकी उघडी, यात चालढकल नको. बॅटरीवर पंखा, दिवे, फ्रिज, मोबाईल आरामात चालतं, एसी रात्रभर चालणार नाही पण डिसेंबरात एसी कशाला. हाच बेत मे महिन्यात केला असता तर मी म्हटलं असतं भुसावळच्या पुढे गाडीचा तंदूर होईल.

आणि ते "कपाट" रोज रिकामं करावं लागतं. कुठेही ओतायचं नाही. पंपावर किंवा जिथे उतराल तिथे विचारून नीट संडासातच. हे काम कुणाचं ते घरून निघायच्या आधी ठरवा, नंतर भांडणं होतात.

पाणाड्या | २६ नोव्हेंबर

बऱ्हाणपूरला जाऊन लोक मुमताजचं काय ते बघतात आणि परत येतात, पण खरी चीज जमिनीखाली आहे. कुंडी भंडारा, कुणी खुनी भंडारा म्हणतं. शहराच्या बाहेर एका ओळीत कुंड्याच कुंड्या दिसतील, शंभरेक, वरून बघाल तर साध्या विहिरींची रांग. पण त्या आतून एका बोगद्याने जोडलेल्या आहेत. सातपुड्यात मुरलेलं पाणी उताराने तापीकडे झिरपतं, ते वाटेतच या बोगद्यात धरलंय आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलंय. पंप नाही, रहाट नाही. कुंड्या कशासाठी तर खोदताना माती वर काढायला, हवा खेळायला आणि नंतर साफसफाईला उतरायला. इराणात याला कनात म्हणतात. १६१५ मध्ये मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळेला तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आखलं. आजही पाणी वाहतंय. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव गेलंय.

एका कुंडीत लिफ्ट लावलीय, साधारण ८० फूट खाली नेते. कधी चालू कधी बंद, चालू असली तर सोडू नका. आमच्या यावल-रावेरात केळीपायी बोअर किती खोल गेल्यात ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मला ते पाणी बघून जरा लाजल्यासारखंच झालं.

केळीचं खोड | २६ नोव्हेंबर

पाणाड्या भाऊ, आम्ही सगळे ठिबकवर आहोत आता हो. नेहमी केळीवरच का घसरता.

पाणाड्या | २६ नोव्हेंबर

ठिबक आहे ते मान्य. ठिबकला पाणी कुठून येतं?

(इथे केळी, ठिबक, मेगा रिचार्ज योजना आणि हतनूर धरणाच्या गाळावर चौदा प्रतिसाद झाले, ते संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

पुण्यातला खान्देशी | २८ नोव्हेंबर

जेवणाचं कुणीच बोलत नाही हे बघून वाईट वाटलं. डिसेंबर म्हणजे भरीत. बामणोदची वांगी घ्या, कपाशीच्या काड्यांवर भाजा, लाकडी बडगीत ठेचा, कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत मानत नाही. गाडीत शेगडी असली तरी भरीत बाहेरच करा. बऱ्हाणपुरात मावा जिलबी खा, काळपट आणि जड असते, दोन खाल्ल्या की तिसरीला हात जात नाही, पण जातोच. आणि दराबा बांधून आणा, रवा-साखर-तुपाचा फेटून फेटून केलेला. मला पुण्यात कुरियर केला तर पत्ता खाजगी निरोपात पाठवतो.

सावद्याची सून | २८ नोव्हेंबर

मांडे राहिले की. बऱ्हाणपूरचे मांडे आपल्या पुरणाच्या मांड्यासारखे नसतात, पुरण नाही काही नाही, रुमालासारखे घडी करून देतात. आमच्या सासूबाई खापरावर टाकतात ते बघून बऱ्हाणपूरची एक मावशी म्हणाली होती, आमच्या मांड्यात तुम्ही पुरण का कोंबता. त्यावर सासूबाईंनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही.

बखरवाचक | २९ नोव्हेंबर

गुडघ्यांच्या हिशोबाने सांगतो. जामा मशीद गांधी चौकात, सपाटीवर आहे, बाबांना जमेल. तिथे फारुकी राजा अली खानाच्या काळातला शिलालेख आहे, अरबीच्या बरोबरीने संस्कृतातही, शके १५११ चा. पुढे अकबराने १६०१ च्या जानेवारीत अशीरगड घेतला आणि फारुक्यांचं राज्य संपलं, मग त्याचाही लेख त्याच मशिदीत आला. खान्देशाचं नावही अकबराचा मुलगा शहजादा दानियाल याच्यावरून दानदेश केलं होतं, ते काही टिकलं नाही.

शाही किल्ला तापीच्या काठावर, आत हमाम आहे, छतावर रंगकामाचे अवशेष आहेत, पायऱ्या जपून. मुमताज १७ जून १६३१ ला बऱ्हाणपुरातच गेली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी पलीकडे झैनाबादला आहूखान्यात, म्हणजे शाही हरणबागेत, पुरलं, सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल इथेच होणार होता पण मातीला वाळवी होती वगैरे गाइड सांगतील, ऐकून घ्या आणि सोडून द्या. "काळा ताजमहाल" म्हणून दाखवतात ती खानखानाच्या मुलाची, शाहनवाज खानाची कबर, उतावली नदीच्या काठी, ती मात्र चुकवू नका.

आणि मराठी माणसाने बघायलाच हवी ती राजा की छत्री. बोहरड्याला, तापी-मोहना संगमावर. मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरात वारले, त्यांची. बत्तीस खांब, गर्दी शून्य. १६८१ च्या जानेवारीत संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचं बहादूरपुरा हे उपनगर लुटलं, तेही इथलंच.

तापीथडी | २९ नोव्हेंबर

हे सगळं कारनेही बघता येतं, एवढंच सांगून गप्प बसतो.

इंजिनघर | २९ नोव्हेंबर

कारमध्ये ७६ वर्षांच्या माणसाला दुपारी दोनला आडवं होता येत नाही. व्हॅनचा फायदा रात्री नाही, दुपारी असतो. आणि शहरात न्यायची कुणी सांगितली? कडेला लावा, रिक्षा करा. गाडी म्हणजे धर्मशाळा समजा, वाहन समजू नका.

गिरणाकाठ | ५ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. उंची मोजली, नऊ फूट दहा इंच, कागद चिकटवला. आरसीवर नोंद आहे, मित्र कामाचा माणूस निघाला. कपाटाचं बिंग फुटलं. पोरग्याने आजीला जाऊन सांगितलं "आजी, गाडीत शी पण करता येते". घरात दोन दिवस अबोला. तह असा झालाय की शेगडी गाडीबाहेर काढून स्वयंपाक होईल, आणि ते दार कुणीही उघडणार नाही.

कोरा चहा | ५ डिसेंबर

पुरंदरचा तह पण एवढा अवघड नव्हता.

धुळ्याचा धुरळा | १५ डिसेंबर

ऊनात का नही घर? गाडी गल्लीमा अटकनी का नही ते सांग पहिले.

गिरणाकाठ | १७ डिसेंबर

आलो आलो. आधी धुरळा भाऊंना: अटकली नाही, पण का नाही ते सांगतो.

पहिल्या दिवशी आठला निघालो, भुसावळ, मग चांगदेव. तापी-पूर्णा संगमावरचं देऊळ मी शाळेच्या सहलीत बघितलं होतं तेवढंच. थंडीत तिथे पाणी शांत असतं, आई घाटावर बसली ती उठायला तयार नाही. कोथळीला मुक्ताईचं दर्शन घेतलं आणि तिथेच बाहेर झाडाखाली शेगडी मांडून पिठलं-भाकरी. बाबा जेवून गाडीत आडवे झाले, पाऊण तास घोरले. इंजिनघर, तुमचं दुपारचं गणित शंभर टक्के खरं. त्या पाऊण तासाने पुढची संध्याकाळ वाचली.

इच्छापूरला देवीच्या टेकडीखाली थांबलो, पायऱ्या फक्त बायको नि पोरं चढली. बऱ्हाणपुरात शिरताना मी शहाणपणा केला, मॅप दाखवतो म्हणून सरळ जात राहिलो आणि शनवारा दरवाज्याच्या अलीकडे बाजाराच्या गर्दीत सापडलो. पुढे कमान, मागे हातगाड्या, बाजूला एक म्हैस. बाबा खाली उतरले. गुडघा विसरले, रस्त्याच्या मधोमध उभे राहून एका हाताने मागच्या रिक्षा थांबवल्या आणि मला दुसऱ्या हाताने असा सिग्नल दिला, थोडं मागे, थोडं मागे, थांब, की बाजूचे दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. एकाने विचारलं "चाचा, रेलवे में थे क्या?" बाबांचा चेहरा काय सांगू. मग मराठीत बोलायला लागला, तिकडे निम्म्या लोकांना मराठी येतंच. त्यानेच सांगितलं की गाडी इथे नको, स्टेशनच्या बाजूला मॅरेज गार्डन आहेत, तिथे विचारा.

एका मॅरेज गार्डनवाल्याने रात्रीचे पाचशे रुपये घेऊन कोपऱ्यात लावू दिली, नळ आणि संडास वापरायची परवानगी. स्वस्त का दिली ते रात्री आठला कळलं. वरात. डीजे. गाडीच्या काचा थरथरत होत्या, फ्रिजवरचा डबा चालत चालत खाली पडला. मी बाहेर जाऊन बोलणार तेवढ्यात मुलीकडचा एक माणूस आला, म्हणाला म्हातारी माणसं आहेत का आत, जेवायला चला, आणि नाही म्हटल्यावर ताटंच घेऊन आला. मावा जिलबीसकट. पुण्यातला खान्देशी, तिसरी जिलबी जात नाही हे खोटं आहे, आईने चार खाल्ल्या. साडेदहाला डीजे बंद झाला, पोरं तोवर वरातीत नाचून आली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी हलवलीच नाही. एक मोठी रिक्षा दिवसभरासाठी ठरवली. आधी कुंडी भंडारा. लिफ्ट चालू होती, थोडी थोडी माणसं सोडतात. बायको नि पोरं खाली गेली, मी मागून. खाली वाकून चालावं लागतं, पायाखाली गार पाणी, आणि भिंतींवर चुन्याचा पांढरा थर बसलाय, हात लावला तर करवतीसारखा खरखरीत. वर बघितलं की पुढच्या कुंडीचं तोंड, रुपयाएवढं आभाळ. पोरगा म्हणाला इथे मोबाईलला रेंज का नाही. बाबा वरच थांबले होते, पुढच्या कुंडीच्या कठड्यावर वाकून माझ्या नावाने हाक मारली, ती पार बोगद्यातून फिरून आली.

मग जामा मशीद. तिथल्या एका सज्जनांनी तो संस्कृत लेख दाखवला, अक्षर देवनागरी, पण मला दोन शब्द लागले तर शपथ. आहूखान्याला गेलो, तिथे फार काही उरलेलं नाही, शेतं आणि पडकी भिंत, आई म्हणाली चौदा बाळंतपणं, आणि लोक महाल बघायला जातात. एवढंच म्हणाली.

छत्रीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी पोरीला सांगायला सुरुवात केली की ही एका राजपूत सरदाराची, मिर्झाराजे जयसिंग, तर ती एकदम ओरडली "पप्पा हा आपल्या पुस्तकातला? ज्याला तेवीस किल्ले दिले तो?" मी म्हटलं तोच. तिने छत्रीभोवती दोन चकरा मारल्या, खांब मोजले, बत्तीस भरले, आणि म्हणाली "किल्ले तर परत घेतले ना आपण?" रिक्षावाला हसत होता. संगमावर एक माणूस जाळं सोडवत बसला होता, बाकी कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी अशीरगड. गाडी खाली गावात लावली, वर नेली नाही, चढ उभा आणि वळणं आखूड, जीप केली. "दख्खनचा दरवाजा" म्हणतात ते वर उभं राहिल्यावर कळतं, इकडून तिकडे जाणारा प्रत्येक माणूस दिसत असणार. अश्वत्थाम्याचं महादेवाचं देऊळ आहे, रोज पहाटे तो पूजा करून जातो म्हणे. आईने जीपवाल्याला विचारलं तू बघितला का, तो म्हणाला पहाटे कोण उठतं.

येताना रावेरवरून आलो, केळीचं खोड यांच्याकडे थांबलो. एक फणी म्हणता म्हणता आख्खा घड गाडीत टाकला, आता माळ्यावर केळी आणि पोरं खाली. सावद्याजवळ गरम वेफर्स, तेलातून काढून सरळ कागदात.

तापीथडी, तुमचंही चूक नव्हतं. शहर व्हॅनने बघितलं नाही, रिक्षानेच बघितलं. खर्चाचं म्हणाल तर डिझेल, रिक्षा, जीप, जागा धरून दोन खोल्यांपेक्षा फार कमी पडला असं नाही.

सावद्याची सून | १७ डिसेंबर

सगळं वाचलं. मुद्द्याचं राहिलं. दार उघडलं की नाही?

गिरणाकाठ | १७ डिसेंबर

माहीत होतं कुणीतरी विचारणार. दुसऱ्या रात्री अडीचला थंडी मरणाची, मॅरेज गार्डनचा संडास पार त्या टोकाला, मधे अंधार आणि दोन कुत्री. बाबा उठले. मी जागा होतो, गप्प पडून राहिलो. पाच मिनिटांनी आई उठली. सकाळी कुणीच काही बोललं नाही. चहा घेताना आई म्हणाली, "त्या कपाटात एक खुंटी हवी होती, पदर अडकवायला."

इंजिनघर | १७ डिसेंबर

खुंटी. नोंद केली. पुढच्या गाडीपासून देतो.

बखरवाचक | १७ डिसेंबर

आणि बाबांना शहर कसं वाटलं?

गिरणाकाठ | १८ डिसेंबर

त्यांनी सविस्तर काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छत्रीवरून परत आल्यावर म्हणाले, स्टेशन जवळच आहे ना, चल. प्लॅटफॉर्म तिकीट काढून आत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा इथे तिकीट काढलं म्हणाले. चहाचा स्टॉल पूर्वी कुठे होता ते दाखवलं, आता तिथे दुसरंच काहीतरी आहे. मग एका बाकावर बसले. भुसावळकडे जाणारी मालगाडी न थांबता गेली, त्यांनी डबे मोजले, मी नाही मोजले. इंजिनातल्या पोराने आमच्याकडे बघितलं नाही. बाबा म्हणाले, "आम्हीपण बघत नव्हतो."

मग उठून विचारलं, दराबा कुठे मिळेल, आईसाठी.

पुण्यातला खान्देशी | १८ डिसेंबर

माझ्यासाठी आणलाय का?

गिरणाकाठ | १८ डिसेंबर

आणला होता. रावेरपर्यंत होता.

धुळ्याचा धुरळा | १९ डिसेंबर

बरं, आते थाळनेर कधी? गाडी ती नऊ फूट दहा इंचवालीच लई ये, आमना गाव मा कमान नही शे.